अंगावरचे दूध आणि घरभरचे सल्ले

बाळंतिणीला दूध कमी आहे, हा निष्कर्ष महाराष्ट्रातल्या घरात साधारणपणे दुसऱ्या दिवशी दुपारी निघतो. तो काढणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नसते. ती शहाळे घेऊन भेटायला आलेली असते, पाळण्यात डोकावते, ‘एवढं रडतंय म्हणजे पोट भरत नसणार’ असे म्हणते आणि चहाला बसते. त्यानंतर घरात जी धावपळ सुरू होते तिचा दुधाच्या प्रमाणाशी किती संबंध असतो, हा अभ्यासाचा विषय आहे.

दुसऱ्या दिवशी दूध कमीच असते आणि तसेच असायला हवे. प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस जो येतो तो चीक: दाट, पिवळसर, रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेला आणि चमच्याने मोजावा इतका थोडा. नवजात बाळाचे पोटही पहिल्या दिवशी एका वेळेला चहाच्या चमचाभर, म्हणजे पाच-सात मिलिलिटर एवढेच घेते. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान उतरते. पहिलटकरीण असेल, सिझेरियन झाले असेल किंवा मधुमेह असेल तर थोडे उशिरा. गाय व्याल्यावर खरवसासाठी गवळ्याकडे आधीपासून वशिला लावणारी मंडळी घरातल्या बाळंतिणीच्या चिकाला मात्र ‘अजून काही येतच नाही’ म्हणतात.

दूध तयार होण्याची यंत्रणा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून चालते. बाळ ओढू लागले की तिथून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवते आणि ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलते, म्हणजे पान्हा फोडते. यातले ऑक्सिटोसिन फार मानी आहे. वेदना, लाज, काळजी किंवा दाराच्या फटीतून ‘येतंय का गं?’ असे विचारणारी जाऊ, यांपैकी काहीही पुढ्यात आले की ते अडखळते. उलट मन निवांत असेल तर शेजारच्या घरातले मूल रडले तरी पदर ओला होतो. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असते, त्यामुळे रात्रीचे पाजणे मोलाचे ठरते. ‘रात्री बाटली द्या, तिला झोपू द्या’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो आणि नेमका याच ठिकाणी नुकसान करतो.

या सगळ्याच्या वर एक स्थानिक नियम आहे. स्तनात दूध साचून राहिले की निर्मिती मंदावते, स्तन रिकामा झाला की तिला वेग येतो. कारभार वाण्यासारखा आहे: जो माल खपतो तोच पुन्हा भरायचा, पोती पडून राहिली तर पुढची मागवायची नाहीत. म्हणून दूध वाढवण्याच्या प्रश्नात आईच्या तोंडात काय जाते याला दुय्यम महत्त्व आहे. बाळाच्या तोंडात स्तन किती वेळा आणि किती नीट जातो यावर बहुतेक सारे ठरते. घराला हे पटत नाही, आणि त्याला कारण आहे. लाडू चार जणांना मिळून वळता येतात; पाजायला मात्र एकटीलाच बसावे लागते, मग मदत करायला आलेल्यांनी करायचे काय?

उपायांआधी निदान. घरगुती निदानाची लक्षणे ठरलेली आहेत: बाळ रडते, सारखे पिते, रात्री उठते, आईला स्तन भरल्यासारखे वाटत नाहीत, पंप लावला तर तळ जेमतेम ओला होतो. यांतले एकही लक्षण दूध कमी असल्याचा पुरावा नाही. बाळे संध्याकाळी तासन्‌तास एकामागून एक पितात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास भूक अचानक वाढते, आणि वारंवार पिऊन बाळ स्वतःच पुरवठा वाढवून घेते. काही आठवड्यांनी स्तन मऊ पडतात, कारण तोवर शरीराला मागणीचा अंदाज आलेला असतो. पंपाचे म्हणाल तर तो बाळाएवढा कुशल कधीच नसतो, आणि त्याच्याकडे पाहून पान्हा फुटावा असे त्याचे रूपही नसते.

खरा पुरावा खालच्या बाजूला मिळतो. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू होत असेल, ती फिकट असेल आणि बाळ पिताना गिळल्याचा आवाज येत असेल, तर दूध पोचते आहे. लंगोटांच्या काळात ही आकडेवारी गच्चीतल्या दोरीवर साऱ्या वाड्याला दिसत असे. डायपरने ती झाकून टाकली. दुसरा पुरावा वजनकाट्याचा. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकते, दोन आठवड्यांच्या आसपास ते जन्माच्या वजनावर परत येते आणि पुढचे तीनेक महिने रोज सुमारे वीस ते तीस ग्रॅम वाढते. हा काटा दवाखान्यातला असावा. भाजीवाल्याच्या काट्यावर किंवा आत्याच्या हातांच्या अंदाजावर काढलेले वजन ग्राह्य धरू नये; आत्याच्या हातांना भावाचे मूल नेहमीच हलके लागते.

आता आहार, म्हणजे या शास्त्राची सर्वांत समृद्ध शाखा. अळिवाची खीर, अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, खसखशीची खीर, खारीक-खोबरे, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, जेवणानंतर बाळंतशोपा आणि दुधातून शतावरी कल्प. यांतल्या अळिवात लोह आहे, खसखशीत कॅल्शियम आहे, डिंकाच्या लाडवात तूप आहे आणि कशातच आईचे वाईट चिंतलेले नाही. दूध पाजणाऱ्या आईला रोज पाचशे-सहाशे किलोकॅलरी जास्तीच्या लागतात. दोन लाडवांत त्यातला बराच भाग निघतो, तेही एका हाताने खाता येण्याजोग्या रूपात. दुसऱ्या हातावर बाळ असते, त्यामुळे लाडवाचा गोल आकार केवळ सौंदर्यदृष्टीतून आलेला नसावा.

मात्र हे पदार्थ दूध वाढवतात का, या प्रश्नावर शास्त्र ठामपणे काही बोलत नाही. मेथी आणि शतावरीवर लहान लहान प्रयोग झाले. काहींत फरक दिसला, काहींत दिसला नाही. मेथी मोठ्या प्रमाणात, विशेषतः गोळ्यांच्या रूपात घेतली तर रक्तातली साखर उतरू शकते, रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी तिचे जमत नाही आणि घामालाही तिचा वास येतो. भाजीतल्या मेथीला हे आरोप लागू नाहीत. पाण्याचेही तसेच: तहान लागेल तेवढे प्यावे. तांब्यामागून तांबे रिचवल्याने दूध वाढत नाही, न्हाणीघराकडच्या फेऱ्या तेवढ्या वाढतात. लाडवांबाबत आणखी एक नोंद करायला हवी. बाळंतिणीसाठी म्हणून केलेल्या डब्यातला मोठा वाटा बाळाचे वडील, आजोबा आणि सहज डोकावलेला दीर यांच्याकडे जातो. त्यांना दूध आल्याचे आजवर ऐकिवात नाही.

निषिद्ध पदार्थांची यादी याहून लांब असते आणि तिच्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. वांगे, बटाटा, आंबट, गार आणि ‘वातूळ’ असे एकेक काढत गेले की ताटात भात आणि उपदेश उरतो. दृष्ट काढण्याची प्रथा त्या मानाने बरी. मीठ-मोहरी ओवाळताना निदान पाच मिनिटे खोलीत कुणी बोलत नाही.

प्रत्यक्ष उपयोगी पडणारे उपाय साधे आणि कंटाळवाणे आहेत. पहिला, बाळाला उघड्या अंगाने छातीवर निजवून ठेवणे. त्वचेच्या स्पर्शाने दोन्ही संप्रेरकांना हुरूप येतो. दुसरा आणि सर्वांत दुर्लक्षिलेला, बाळाची पकड. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि नुसते स्तनाग्र नव्हे तर भोवतालचा काळसर भागही तोंडात, विशेषतः खालच्या बाजूचा. पकड चुकली की बाळ तासभर ओढते, आई वेदनेने कळवळते आणि दूध येत नाही. निष्कर्ष निघतो तो मात्र लाडू कमी पडल्याचा. तिसरा, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे, घड्याळ न बघता, दोन्ही बाजूंना. झोपाळू बाळाला उठवून पाजावे लागते. मालीश, आंघोळ आणि धुरी झाल्यावर बाळ जे गाढ झोपते त्याचे घरात कौतुक होते, पण त्या झोपेत पाजण्याची एखादी वेळ हमखास निसटते. बाळाचे ओढणे मंदावले की स्तन हलकेच दाबून धरला तर धार पुन्हा सुरू होते. पाजून झाल्यावर हाताने किंवा पंपाने उरलेले दूध काढले तरी मागणी नोंदली जाते. काही जणी दिवसातून एकदा तासभर टप्प्याटप्प्याने पंप करतात: वीस मिनिटे काढणे, दहा विश्रांती, मग दहा-दहा मिनिटांची आलटापालट.

या तासात घराने स्वयंपाक, कपडे, थोरले मूल आणि पाहुणे सांभाळले तर ते कोणत्याही कल्पाहून गुणकारी ठरते. पाहुणे सांभाळणे म्हणजे त्यांना बाहेरच्या खोलीत ठेवणे.

वरच्या दुधाचा विषय नाजूक आहे. ‘एकच बाटली, मनाच्या समाधानासाठी’ अशी सुरुवात होते. बाळ तृप्त होऊन झोपते, पाजण्याची एक वेळ चुकते, स्तनात दूध साचते, उद्याचे दूध घटते आणि निदान खरे ठरते. भाकीत करणाऱ्यानेच ते घडवून आणण्याचा हा प्रकार इतका प्रभावी आहे की १९९२ च्या केंद्रीय कायद्याने डब्याच्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. शेजारणींना मात्र तो कायदा लागू होत नाही. तरीही बाळाचे वजन खरोखर घसरत असेल, शू कमी होत असेल, बाळ मलूल किंवा पिवळे दिसत असेल, तर वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे आणि त्यांनी सांगितलेले वरचे दूध निःशंकपणे द्यावे, शक्यतो वाटी-चमच्याने. फार नाजूक किंवा अकाली जन्मलेल्या बाळांसाठी दुसऱ्या आयांचे दूधही मिळू शकते. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

दूध खरोखरच कमी असणाऱ्या स्त्रियाही असतात, आणि त्यांना ‘मनावर घे, येईल’ असे सांगणे हा निव्वळ छळ आहे. थायरॉइड मंद असणे, पीसीओएस, बाळंतपणात फार रक्तस्राव होणे, वारेचा तुकडा आत राहणे, स्तनावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, दूधग्रंथींचीच वाढ अपुरी असणे, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, किंवा बाळाची जीभ खाली जखडलेली असणे, ही त्यामागची कारणे. त्यांवर तपासणी आणि उपचार लागतात, आणि तेवढ्यानेही पुरेसे दूध आले नाही तर जितके येते तितके पाजून बाकीचे वरचे द्यायचे असते. दूध वाढवणाऱ्या गोळ्याही आहेत, पण त्या ओळखीच्या औषधवाल्याकडून परस्पर घेण्याजोग्या नाहीत. त्यांतल्या डॉम्पेरिडोनच्या या वापराविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयाच्या धोक्यामुळे २००४ मध्येच इशारा दिला होता.

घराबाहेर पडल्यावर प्रश्न जागेचा होतो. कोजागिरीला रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून घरी आली, अशी आख्यायिका आहे. तिने अळीव खाल्ल्याचा उल्लेख तीत नाही. तिच्याच नावाने एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. नोकरदार आईला २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. त्यानंतर कामावर पंप करून काढलेले दूध खोलीतल्या तापमानाला चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकते. मराठवाड्याच्या मे महिन्यात मात्र ‘खोलीचे तापमान’ या शब्दांवर विसंबू नये.

सहा महिने पुरे झाले की उष्टावण. मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची रीत आहे. वैद्यकशास्त्र दोघांनाही सहा महिने पूर्ण करायला सांगते आणि अंगावरचे दूध दोन वर्षे किंवा त्यापुढेही चालू ठेवायला. मऊ भात, वरण आणि नाचणीची पेज पोटात जागा धरू लागली की बाळाची मागणी हळूहळू घटते, आणि दूधही त्याच जुन्या नियमाने, एकही लाडू बंद न करता, कमी होत जाते.