कॉर्व्हेटची बेगमी

डेट्रॉईट शहराच्या खाली अकराशे-बाराशे फुटांवर मिठाची मोठी खाण आहे. ज्या गावाने जगाला मोटारी पुरवल्या, त्याच्याच पोटात मोटारी खाणारा पदार्थ भरून ठेवायचा, हा नियतीचा खास मिशिगनी विनोद. पहिला बर्फ पडला की मीठ फवारणारे ट्रक रस्त्यावर उतरतात आणि इथली प्रत्येक गाडी खालून गंजायला लागते.

प्रत्येक म्हणजे आमची कॅमरी. नवऱ्याची कॉर्व्हेट तोवर गॅरेजात पोचलेली असते.

ही कॉर्व्हेट १९९४ सालची, लाल, दोन माणसांची, उघडणाऱ्या छताची. पहिली कॉर्व्हेट इथून तासाभरावरच्या फ्लिंट गावात ३० जून १९५३ रोजी तयार झाली आणि त्या वर्षी फक्त ३०० निघाल्या, सगळ्या पांढऱ्या. ही माहिती आमच्याकडे पाहुण्यांना चहाच्या आधी मिळते. लग्नाची तारीख विचारली तर तो माझ्याकडे बघतो. मी एकदा म्हटलं, "अरे, हिची बॉडी फायबरग्लासची ना? मग मिठाने काय बिघडणार?" त्यावर खालची चौकट पोलादाची असते, या विषयावर जेवण होईपर्यंत व्याख्यान झालं. त्यानंतर मी मिठाबद्दल फक्त भाजीपुरतं बोलते.

बंदोबस्ताची वेळ नेमकी दिवाळीत येते. गेल्या वर्षी सासूबाई इथेच होत्या. नरकचतुर्दशीला घरात पहिली आंघोळ कॉर्व्हेटची झाली. मग मेण, मग आतली झाडलोट. खुर्च्यांच्या फटीत दाण्याचं एक टरफलही उरता कामा नये, नाहीतर उंदीर येतात. स्वयंपाकघराच्या ओट्यामागे काय काय पडलेलं असतं, हे त्याला आजतागायत माहीत नाही.

तेल बदललं. उन्हाळाभरात गाडी जेमतेम दीड हजार मैल चालली होती. त्यातले बरेचसे ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझमध्ये, जिथे हजारो हौशी लोक आपापल्या जुन्या गाड्या एकाच रस्त्यावर गोगलगायीच्या वेगाने चालवून दाखवतात. पण वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओलावा असतो, तो इंजिनात महिनोन्‌महिने ठेवायचा नसतो. मग टाकी काठोकाठ भरून आणली आणि त्यात पेट्रोल टिकवणारं औषध ओतलं.

"गाडी कुठे न्यायची नाही, तर पेट्रोल कशाला भरलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, टाकी रिकामी राहिली की आत दमट हवेचं पाणी होतं. शिवाय इथल्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं."

सासूबाई हर्णैच्या. त्यांना एकदम उमगलं. "म्हणजे आमच्याकडे पावसाआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, तसंच की!" त्या क्षणापासून मायलेक एका पक्षात गेले आणि फराळ मी एकटीने केला.

उंदरांचं खातं सासूबाईंनी घेतलं. सायलेन्सरच्या तोंडात तारेच्या काथ्याचे बोळे कोंबले, गाडीखाली डांबराच्या गोळ्या मांडल्या. वसंतात बोळा विसरून कोणी चावी फिरवू नये म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधतात, ती त्यांनी स्वहस्ते लिहिली: "मागे बोळा आहे. काढल्याशिवाय चालू करू नये. आईची आज्ञा." गोळ्यांचा वास मात्र एप्रिलपर्यंत खुर्च्यांत इतका मुरतो की पहिल्या फेरीला बाहेर पाच अंश असले तरी छत उघडावंच लागतं.

हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, कारण ब्रेक तसेच चिकटून बसतात. चाकांना ठोकळे लावायचे. टायरमध्ये हवा थोडी जास्त, म्हणजे एकाच जागी उभं राहून ते चपटे होत नाहीत. हे उन्हाळी टायर सात अंशांखाली कडक होतात, गोठत्या थंडीत त्यांना तडेही जाऊ शकतात. म्हणून थंड फरशीचा त्रास नको, असं म्हणत त्याने चाकांखाली गालिच्याचे तुकडे घातले. तुकडे कुठल्या गालिच्याचे, हे मला आठवडाभराने दिवाणखान्यात कोच सरकवल्यावर कळलं.

शेवटी बॅटरीला मंद चार्जर लावून गाडीवर हवा खेळती ठेवणारं मऊ आच्छादन चढवलं. चार्जरचा हिरवा दिवा लागलाय ना, हे तो रोज रात्री झोपण्याआधी बघून येतो. डिसेंबरात मी तापाने पडले होते तेव्हाही जाऊन आला. आल्यावर मलाही विचारलं, हे नमूद करते.

सगळ्यात कठीण काम त्यानंतरचं, म्हणजे काहीच न करणं. अधूनमधून पाच मिनिटं इंजिन चालू केलं तर फायदा होण्याऐवजी नुकसान होतं: तेल पुरतं तापत नाही आणि इंजिनात, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. हे तोच लोकांना समजावतो. पण जानेवारीतल्या एका रात्री सासूबाई मला उठवायला आल्या. "अगं, तो अंधारात गाडीत बसलाय. भांडलात का?" जाऊन पाहिलं तर इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर, चिठ्ठीला धक्का न लावता स्वारी मनातल्या मनात फ्लिंटला निघालेली. मी दार लावून घेतलं.

कॅमरी या काळात बाहेर उभी असते, कारण गॅरेजात गालिच्यासकट जागा उरत नाही. रोज सकाळी तिच्या काचेवरचा बर्फ मी खरवडते. तिचं तेल कधी बदललं, हे मी विचारलं तर नवरा म्हणतो, "टोयोटा आहे, तिला काही होत नाही."

तेव्हा हिवाळ्यात आमच्याकडे यायचा बेत असेल तर जरूर या. विमानतळावर घ्यायला कॅमरीच येईल. तिचं मागचं डावं दार आतून ढकलावं लागतं. गॅरेज नवरा आनंदाने दाखवेल, पण आच्छादन उचलायला सांगू नका. आणि बूट दाराबाहेर काढा, मीठ आत येतं.