गाळा भाड्याने, गाळ मोफत

घर घेऊन भाड्याने देण्याइतका बिनघोर धंदा नाही, असे नव्या गुंतवणूकदाराला सांगितले जाते. महाड-पोलादपुरात तर ते शंभर टक्के खरे आहे, कारण घोर सगळा भाडेकरूला असतो. समजा, 20 लाखांचा वन बीएचके घेतला आणि महिना 6 हजार भाडे आले. वर्षाचे झाले 72 हजार, म्हणजे 3.6 टक्के. कर्जाचे व्याज याच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त. माणूस इथेच बिचकतो, म्हणून दलाल पुढची पोतडी उघडतो : एमआयडीसी आहे, कामगार येतच राहणार, मुंबई-गोवा महामार्ग रुंद होतोय (कधीपासून, हे विचारायचे नसते), पोलादपुरातून महाबळेश्वरचा घाट सुरू होतो. वर सावित्रीचा ‘रिव्हर व्ह्यू’. नदी खिडकीतून दिसते एवढे तो सांगतो. ती खिडकीतून आतही येते, हे त्याच्या पत्रकात छापलेले नसते.

जुलै 2005 मध्ये महाड बुडाले, जुलै 2021 मध्ये पुन्हा बुडाले. मधले अंतर 16 वर्षांचे आणि गृहकर्ज 20 वर्षांचे. दोन महापुरांवरून नियम बसत नाही, हे मान्य. पण बाजारपेठेत लहानसहान पाणी तर पावसाळ्याचा रिवाजच आहे. आता पाणी ओसरल्यावरचा तळमजला पाहा. मालकाचे काय गेले? भिंतींचा रंग, फुगलेली दारे, थोडे वायरिंग. भाडेकरूचा फ्रिज आडवा पडलेला, गाद्या चिखलाने दगड झालेल्या, तांदळाच्या डब्यात गाळ, मुलांच्या गुणपत्रिकांचा लगदा. 2021 नंतर सरकारने कुटुंबामागे 10 हजारांचे सानुग्रह अनुदान जाहीर केले. त्यात कपडेही आले आणि भांडीही. मालकाला मात्र प्राप्तिकरात भाड्यावर 30 टक्के वजावट दरवर्षी मिळते, त्याने भिंतीला चुना लावला असो वा नसो. त्याचा परतावा स्थिर दिसतो तो असा. पुराचा हप्ता दुसराच कोणी भरतो.

यावर जाणकार म्हणतात, विमा काढा. जरूर काढावा; घराच्या विम्यात पूर येतो, दरडही येते. पण मालक विमा काढतो तो भिंतींचा. आतल्या गाद्यांचा विमा गादीवाल्याने काढायचा आणि कंत्राटी पगारात तो बसवायचा. दुसरे म्हणतात, नदीतला गाळ उपसलाय. उपसला, चांगले झाले. पण सह्याद्रीने माती खाली पाठवणे थांबवल्याचे ऐकिवात नाही. तिसऱ्यांचा सल्ला वरचा मजला घेण्याचा. इथे थट्टा थांबवावी लागते. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि 16 माणसे गेली. इमारत जुनी नव्हती, सातेक वर्षांची होती. आजच्या रेरा कायद्यात बांधकामाच्या दोषाची बिल्डरवरची जबाबदारी ताबा दिल्यापासून 5 वर्षांची आहे. आणि उंचीच हवी म्हणून डोंगर गाठावा, तर 2021च्या त्याच पावसात महाडचे तळिये आणि पोलादपूरचे केवनाळे, साखर सुतारवाडी दरडीखाली गेले.

मग काय, घरे भाड्याने द्यायचीच नाहीत? कामगाराने, बदलीवर आलेल्या शिक्षकाने राहायचे कुठे? आक्षेप रास्त आहे. द्यावीत, पण धोका आपल्या वहीत लिहून द्यावीत. राज्याच्या 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याचे 55वे कलम सांगते की भाडेकरार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. प्रत्यक्षात स्टॅम्पपेपरवर अकरा महिने खरडले, नोटरीचा शिक्का मारला की झाले. मग पंचनाम्याला तलाठी आल्यावर, आपण इथेच राहत होतो हे सिद्ध करण्याचे काम चिखलात उभ्या माणसाकडे. तेव्हा करार नोंदवा आणि त्यात लिहा : घरात पाणी आले तर त्या महिन्याचे भाडे माफ, घर सोडायचे असेल तर डिपॉझिट आठ दिवसांत परत. घर घेण्याआधी पत्रक बाजूला ठेवून समोरच्या किराणावाल्याला विचारा, एकवीस साली पाणी कुठवर होते. तो हात वर करून दाखवेल. हा सगळा खर्च धरला की 3.6 टक्केही उरणार नाहीत. दलालाला असली गिऱ्हाइके परवडत नाहीत. तो तुम्हाला रोह्याला धाडेल. तिथे कुंडलिका नदीचा व्ह्यू आहे.