वांगी रंगाचा अजरख

निवृत्त माणसाला छंद हवा, असं सगळे सांगतात. कोणता नको, हे कोणीच सांगत नाही. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्यांपैकी एक जण पेटी शिकतो, एक शेअर बाजारात पैसे घालवतो आणि एक रोज सकाळी तळजाईची टेकडी चढून येताना वडापाव खातो. या तिन्ही छंदांनी घरातल्या भांड्यांना धक्का लागत नाही. मी मात्र कापड रंगवायला आणि छापायला शिकायचं ठरवलं.

यात कलेची ओढ कमी आणि गुर्मी जास्त होती. कनिष्ठ महाविद्यालयात मी निवृत्तीपर्यंत रसायनशास्त्र शिकवलं. एका प्रदर्शनात बायकोनं अजरखाची ओढणी उचलली. गडद निळ्यावर मंजिष्ठी लाल, त्यात काळ्या-पांढऱ्या रेघांची जाळी. हे सगळं हिरडा, तुरटी, चुना, गूळ, भंगार लोखंड आणि नीळ यांतून होतं, असं विक्रेता सांगत होता. मी किंमत विचारली आणि मग जरा मोठ्यानंच म्हणालो, "हे तर अकरावीचं प्रॅक्टिकल आहे!" बायकोनं ओढणी जागेवर ठेवली. "मग तुम्हीच करून द्या," ती म्हणाली. विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, दया होती. पण ते कळायला मला बरेच महिने लागले.

भुजजवळच्या अजरखपूर गावात एका कारखान्यात कार्यशाळा होती. तिथले चाचा माझ्याच वयाचे, पण कोपरापर्यंत निळे. कापड आधी धुऊन त्याची खळ काढतात, मग सोडा, एरंडेल आणि उंटाच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मुरवतात. त्यानंतर हिरड्याच्या पाण्यातून काढलं की ते पिवळट होतं. इथपर्यंत मी वहीत टिपून घेत होतो. इथून पुढे मी चाचांना शिकवायला लागलो. हिरड्यात टॅनिन असतं, त्याला लोखंड भेटलं की काळा रंग होतो, जुनी शाई याच तत्त्वावर बनायची, हे सांगितलं. अडॉल्फ फॉन बायरनं नीळ प्रयोगशाळेत कशी बनवली, १८९७ साली कारखान्यातली नीळ बाजारात कशी आली आणि १९०५ साली बायरला नोबेल कसं मिळालं, हेही सांगितलं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चहा पिताना सहज म्हणाले की आमच्या इस्माईल मोहम्मद खत्रींना इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठानं २००३ साली मानद डॉक्टरेट दिली. माझी स्वतःची पीएच.डी. नोंदणीपाशीच वारली होती. मी बिस्किट घेतलं.

चहाच्या त्याच बैठकीत त्यांनी गावाची गोष्ट सांगितली. कच्छच्या राव भारमलांनी सुमारे चारशे वर्षांपूर्वी सिंधमधून खत्री रंगाऱ्यांना बोलावलं, असं त्यांच्यात सांगतात. नदीच्या वाहत्या पाण्यासाठी ते धमडक्याला वसले. पुढे नदी आटली. मग २६ जानेवारी २००१ चा भूकंप झाला, धमडका कोसळलं आणि विहिरींच्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं. घरं पुन्हा बांधता आली असती, पण त्या पाण्यात रंग उमटेनात. म्हणून अनेक कुटुंबांनी पाणी बघून नवी जागा शोधली आणि तिला नाव दिलं अजरखपूर. मी मान डोलावली. वहीत फक्त "पाणी महत्त्वाचं" एवढं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

प्रत्यक्ष छपाईत माझ्या पदवीचा उपयोग झाला नाही. ठसे सागवानी. गांधीनगरजवळच्या पेथापूरचे कारागीर ते कोरतात. ठसा तबकात टेकवायचा, कापडावर ठेवायचा आणि तळहाताच्या टाचेनं वरून एक ठोका द्यायचा. पहिला ठसा सुंदर बसला. दुसरा त्याला एक मिलिमीटर सोडून बसला. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं मला वाटलं. पण प्रत्येक ठशाला एक मिलिमीटर सरकलं, तर चाळिसाव्या ठशापाशी चार सेंटिमीटर होतात, हे गणित कापडानं मला करून दाखवलं. माझी जाळी टेबलाच्या कडेकडे निघाली आणि शेवटी टेबलावरून उतरली. शेजारी घरातला शाळकरी मुलगा कानाला फोन लावून, मित्राशी हसत, सरळ रेषेत ठसे मारत होता. त्यानं माझं कापड बघितलं आणि फोन बाजूला घेऊन आदरानं विचारलं, "अंकल, ये नया डिझाइन है?"

या कामातली खरी गोम मात्र वेगळी आहे. तुम्ही जे छापता, तो रंग नसतोच. चुना आणि डिंकाचा लेप लावायचा तो रंग अडवण्यासाठी. तुरटी लावायची ती लाल रंग धरून ठेवण्यासाठी, आणि ती दिसत नाही म्हणून तिच्यात गेरू कालवायचा. तो गेरू पुढे धुऊन जातो. कापड निळीत बुडतं, धुतलं जातं आणि सगळ्यात शेवटी मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात जातं. तिथे, जिथे तुरटी होती तिथेच लाल उमटतो. म्हणजे चूक आज करायची आणि ती बघायची दोन-तीन आठवड्यांनी. कार्यशाळेत टीव्हीवरच्या पाककृतीसारखं प्रत्येक टप्प्याचं कापड आधीच तयार ठेवलं होतं. त्यामुळे वाट बघणं हा या कलेचा मुख्य भाग आहे, हे मला कळलंच नाही. निघताना चाचा म्हणाले, "घर पे करोगे तो फोन करना, साहब." करण्याआधी फोन करा, असं त्यांना म्हणायचं होतं.

पुण्यात परतल्यावर खरेदी सुरू झाली. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात दोन किलो हिरडा मागितला. दुकानदारानं आवाज खाली आणला. "किती दिवसांपासून त्रास आहे?" मी म्हणालो, "कापडासाठी हवाय." तो म्हणाला, "लाजू नका, काका, या वयात होतंच." मग मंजिष्ठा मागितली, तेव्हा त्यानं माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं आणि वांगांवर ती गुणकारी असल्याचं सांगितलं. भंगारवाल्याकडे गेलो तर तो वजनकाटा घेऊन माझी पिशवी शोधायला लागला. गिऱ्हाईक भंगार विकत घ्यायला आलंय, हे त्याला पचायला वेळ लागला. उंटवाला जत्रेत सापडला. त्यानं विचारलं, "बसायचंय की फोटो?" मी म्हणालो, "लेंड्या हव्यात." पहिली पिशवी त्यानं फुकट दिली. दुसरी मागितल्यावर किलोचा भाव सांगितला.

काळ्या रंगासाठी भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात घालून आंबवावं लागतं. मी बाल्कनीत प्लॅस्टिकचा पिंप भरला. उन्हाळा होता, वास लवकर निघाला. एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"सर, तुमच्याबद्दल असं मनात आणवत नाही. पण पिंपात गूळ आहे का?"

"आहे."

"आंबलाय?"

"आंबवलाय."

"किती दिवस ठेवणार?"

"उन्हावर आहे. तीनेक आठवडे."

"आणि मग?"

"मग गाळायचं."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना बाल्कनीत नेऊन झाकण उघडलं. आत खिळे, बिजागऱ्या आणि एक गंजकं कुलूप बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. थोडी निराशाही झाली असावी, असं मला वाटलं.

मग निळीचा माठ. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना आणि गूळ घालून तिचं क्षपण करावं लागतं, तेव्हा ती हिरवट-पिवळी होऊन विरघळते. त्यात बुडवलेलं कापड बाहेर काढलं की हवेतल्या ऑक्सिजननं डोळ्यांदेखत निळं होतं. हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन. माठाला हवा लागू द्यायची नाही, एवढंच पथ्य. आणि मी दर तासाला जाऊन झाकण उघडत होतो, काठीनं घुसळत होतो, फेस बघत होतो. जेवढा प्राणवायू एखाद्या रुग्णाला पुरला असता, तेवढा मी रोज त्या माठात घातला. पाणी हटवादीपणे निळंच राहिलं. शेवटी भाचीच्या लग्नाला नागपूरला जावं लागलं. परत येऊन झाकण उघडलं तर पाणी हिरवट-पिवळं, वर तांबूस साय आणि निळा फेस. माठ तयार होता. त्याला चुना, गूळ आणि ऊन हवं होतं. मी नको होतो.

चाचा हातमोजे घालत नाहीत, म्हणून मीही घातले नाहीत. नखं निळी झाली. घाईत थोडी नीळ पायावर सांडली. पुढच्या आठवड्यात रक्तदाब तपासायला गेलो. डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. त्यानं माझी बोटं बघितली आणि त्याचा चेहरा पडला. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की नखं निळसर पडतात, हे त्याला शिकवलं होतं. मी नव्हे, पुढच्या लोकांनी. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा भलताच खाली. ते यंत्र नखातून प्रकाश सोडून मोजतं आणि माझ्या नखांवर नीळ बसलेली. मी खुलासा केला. "सर, पायाचं बोट द्या," तो म्हणाला. मी मोजा काढला. तो काही क्षण गप्प बसला आणि मग त्यानं यंत्र कानाच्या पाळीला लावता येतं का ते बघितलं.

शेवटचा टप्पा मंजिष्ठेचा. एक मीटर मांजरपाट ऐसपैस उकळेल असं घरात एकच भांडं होतं: बायकोच्या आजीची बिडाची कढई, दिवाळीच्या चिवड्याची. बायकोनं दारातून विचारलं, "बिडाचं चालतं का यात?" बिडाच्या भांड्यात शिजवलं की अन्नात लोह उतरतं, हे मीच तिला लग्न झाल्यापासून सांगत आलोय. तरीही मी म्हणालो, "तू त्यात पडू नकोस." कापड उकळायला लागलं. लाल उमटेल म्हणून मी कढईपाशी उभा राहिलो. आधी विटकरी दिसला, मग काळपट, मग वांगी. लाल कुठेच नाही. पांढऱ्या रेघांवरही राखाडी छटा आली, कारण कापडात मुरलेल्या हिरड्याला कढईतलं लोखंड भेटलं होतं. जाळी तिरकी होती ती होतीच.

मी चाचांना फोन लावला. सोड्यापासून मंजिष्ठेपर्यंत सगळी प्रमाणं ग्रॅममध्ये सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बर्तन तांबे का है या लोहे का?" मी उत्तर दिलं नाही. तेवढ्यावरून त्यांना कळलं. "लोहे की वजह से तो हमने गाँव छोड़ दिया, साहब," ते म्हणाले आणि हसले. वाईट हसले नाहीत. पण मला त्या दोन रेघा मारलेलं वहीचं पान आठवलं.

हिशेब केला तेव्हा माझा एक मीटर मांजरपाट मला पैठणीच्या भावात पडला होता. त्यात कढईची किंमत धरलेली नाही, कारण ती बायको अजून सांगते आहे. रंगासाठी वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नसतं. अजरखात रसायनशास्त्र आहे, हे माझं म्हणणं खरं निघालं. ते मला येतं, एवढंच खोटं होतं.

कच्छी अजरखाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही यंत्रावर छापलेला अजरख बाजारात भरपूर मिळतो आणि त्याच्या रेघा माझ्यापेक्षा फार सरळ असतात. हाताच्या अजरखात कुठे तरी ठसा केसभर सरकलेला दिसला तर नाक मुरडू नका. तो केसावर थांबला, हीच कारागिरी. माझा टेबलावरून उतरला होता. स्वतः शिकायचं असेल तर जरूर शिका, पण आधी तांब्याचं किंवा स्टीलचं एक मोठं पातेलं वेगळं घ्या. आणि घासाघीस करायची ती त्या भांड्यांच्या दुकानात करा. अजरखवाल्यापाशी नको.