अर्ज कोणत्या दारी करावा

विद्या विनयाने शोभते असे आपले पूर्वज सांगून गेले. परंतु ती मिळविण्यासाठी विनयाच्याही आधी पासवर्ड लागेल, आणि त्या पासवर्डात एक थोरले इंग्रजी अक्षर, एक आकडा व ज्याचे नाव घरातील कोणालाच ठाऊक नाही असे एक चिन्ह असल्यावाचून सरस्वतीचे दार उघडणार नाही, याची कल्पना त्यांना आली नसावी. १८५९ साली मुंबई विद्यापीठाने आपली पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली आणि तीत महादेव गोविंद रानडे उत्तीर्ण झाले, तेव्हा पुढे कोठे शिकावे या प्रश्नाने त्यांच्या घरी कोणाची झोप उडाली असेल असे मला वाटत नाही. महाविद्यालये थोडी, विद्यार्थी त्याहून थोडे आणि पोर्टल एकही नाही, अशी ती सुबत्ता होती. आता महाविद्यालय कोणते हा प्रश्न फार पुढचा झाला असून, त्या महाविद्यालयासाठीचा अर्ज मुळात कोणत्या दारी टाकावयाचा, येथूनच कुटुंबात मतभेदांना प्रारंभ होतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात माझ्या भाचीची बारावी पार पडली आणि पेढ्यांचा डबा रिकामा होण्याच्या आत तिच्या कोथरूडच्या घरी एक सभा भरली. माझी बहीण, मेहुणे, मी आणि शेजारचे एक गृहस्थ असे चौघे सभेस हजर होतो. हे गृहस्थ जिल्हाधिकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असून, सातबाऱ्यापासून पारपत्रापर्यंत कोणत्याही अर्जाच्या बाबतीत त्यांचा शब्द त्या सोसायटीत अखेरचा मानला जातो. जिच्या भवितव्याचा निकाल लागावयाचा होता ती मुलगी खिडकीत मोबाइल घेऊन बसली होती. तिला सभेचे सभासदत्व देण्यात आलेले नव्हते.

मेहुण्यांनी नवी वही काढून पोर्टलांची यादी वाचून दाखविली. आयआयटी आणि एनआयटी यांच्यासाठी जोसा. राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी राज्याचा सीईटी कक्ष आणि त्याच्या त्या कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्या. पिलानीकरांची परीक्षा निराळी, वेल्लोरची निराळी. आणि पुण्याच्या चारी दिशांना डोंगरउतारांवर उगवलेल्या खासगी विद्यापीठांपैकी प्रत्येकाचे पोर्टल स्वतंत्र, शुल्क स्वतंत्र आणि ते शुल्क परत न करण्याची अट मात्र समान. मुलीने ऐनवेळी अभियांत्रिकी सोडून शुद्ध विज्ञानाकडे जायचे म्हटलेच, तर २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी आहे, आणि ती देऊन दिल्लीस जावयाचे तर दिल्ली विद्यापीठाचे पोर्टल पुन्हा वेगळे. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्याचा संसार तर सरकारी महाविद्यालयांपुरता मुळातच दुभंगलेला असतो. शेकडा १५ जागांसाठी त्याने दिल्लीच्या समितीकडे पाहावे व उरलेल्या ८५ साठी मुंबईच्या कक्षाकडे. हे ऐकून माझ्या बहिणीने, यांतले चांगले कोणते, असा सरळ प्रश्न केला, आणि सभा निरुत्तर झाली.

कारण खरी गोष्ट अशी आहे की, पोर्टल आपण निवडीत नसतो. पवईच्या आयआयटीत बसावयाचे असेल तर जोसाच्या दारी उभे राहावे लागते, आणि त्याच मुंबईत माटुंग्याच्या व्हीजेटीआयत बसावयाचे असेल तर सीईटी कक्षाच्या. दोहोंमध्ये लोकलचा तासाभराचाही प्रवास नाही, परंतु अर्जाच्या जगात ती दोन भिन्न संस्थाने आहेत आणि एकाचा सिक्का दुसऱ्यात चालत नाही. २०१५ पूर्वी तर आयआयटीचे आणि एनआयटीचे दरबारही वेगवेगळे भरत असत. एकच हुशार मुलगा दोन्हीकडे जागा अडवी, यथावकाश एक सोडी, आणि सोडलेली ती जागा वर्ग सुरू झाल्यानंतरही रिकामी राही. त्या वर्षी दोघांचे दफ्तर एकत्र झाले, ही सरकारी कारभारातील एक शहाणपणाची गोष्ट म्हणून नमूद करून ठेवावीशी वाटते. अशा गोष्टी नमूद करण्याची संधी वारंवार येत नाही.

अव्वल कारकुनांनी या सगळ्यावर एकच तोडगा सुचविला. ते म्हणाले, “सगळीकडे अर्ज करा. ज्या दारी मुदत आधी संपते, त्या दारी आधी जा. अर्ज केल्याने कोणाचे नुकसान झालेले मी नोकरीत पाहिले नाही. न केल्याने मात्र घराणी बुडाली आहेत.”

त्यानुसार अर्ज करण्यात आले, आणि मग सुरू झाले दाखल्यांचे पर्व. या पर्वात नवे असे काही नाही, कारण वय-राष्ट्रीयत्व-अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, ज्यांना लागू असेल त्यांना जात पडताळणी आणि ३१ मार्चला प्राण सोडणारे नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र, ही मंडळी कागदाच्या काळातही होतीच. नवीन आहे ते त्यांचे वजन. पूर्वी दाखला खरा की खोटा एवढेच पाहत. आता तो किती किलोबाइटांचा आहे हेही पाहतात. तहसीलदारांच्या सहीशिक्क्यानिशी मिळालेला सर्वतोपरी कायदेशीर दाखला केवळ स्थूलपणाच्या कारणावरून नाकारला जाताना मी पाहिला, आणि तो कृश करण्याच्या खटपटीत सही इतकी पुसट झाली की, मग तो अस्पष्टतेच्या कारणावरून नाकारला गेला. ओटीपी मेहुण्यांच्या फोनवर येई आणि मेहुणे नेमके त्या वेळी हिंजवडीस साहेबांसमोर बसलेले असत. ‘बाबा, ओटीपी,’ एवढाच बापलेकीतील संवाद त्या महिन्यात शिल्लक राहिला होता.

कॅपच्या अर्जात कागदांची तपासणी घरबसल्या करून घ्यावी की केंद्रावर समक्ष जाऊन, असाही एक विकल्प असतो, आणि त्यावरून सभेत उघड फूट पडली. भाचीला अर्थात ई-स्क्रूटिनी हवी होती. अव्वल कारकुनांना ही कल्पनाच असह्य झाली. कागद जिवंत माणसाच्या हाती दिल्यावाचून, त्याने तो उलटसुलट करून पाहिल्यावाचून आणि एकदा तरी “हे चालणार नाही” असे म्हटल्यावाचून अर्ज झाला असे समजू नये, असे त्यांचे मत पडले. शेवटी तपासणी घरबसल्याच झाली. पण त्यांच्या समाधानासाठी सर्व कागदांच्या सत्यप्रती करून एका फायलीत लावण्यात आल्या, आणि ती फाईल त्यांनी आपल्या घरी पुढील कारवाईस्तव ठेवून घेतली. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली तेव्हा हरकत नोंदविण्याची मुदत कोणत्या तारखेस किती वाजता संपते, हे आम्हांला कळविण्यास ते जातीने आले होते. हरकत काहीच नव्हती, याचे त्यांना किंचित वाईट वाटले.

इथवर केवळ शारीरिक कष्ट होते. खरी परीक्षा पसंतीक्रमाची. कॅपच्या अभियांत्रिकीच्या अर्जात महाविद्यालय व शाखा मिळून ३०० पर्यंत विकल्प भरता येतात. तीनशे! मनुष्याला आयुष्यात एकूण किती गोष्टी मनापासून हव्या असतात याचा हिशेब केला तर तो तीनशेच्या फार अलीकडे संपेल. पण मेहुण्यांनी गेल्या काही वर्षांचे कटऑफ छापून आणले, तीन रंगांच्या पेनांनी त्यांवर खुणा केल्या, आणि एका व्हॉट्सॲप समूहात अहोरात्र चाललेली खलबते वाचून त्यांनी असे अनुमान काढले की, खरी इच्छा वर लिहिणे हा भोळेपणा आहे. आवाक्याबाहेरचे नाव पहिले लिहिले तर यंत्र रागावते; आवाक्यातले लिहिले तर त्यावरच समाधान मानावे लागते; म्हणून पहिल्या काही जागी अशी नावे लिहावीत की जी मिळणार नाहीत पण मिळावीशीही वाटू नयेत. हे धोरण पेशवाईच्या उत्तरकाळातील वकिलांना शोभले असते. त्याने काय साधणार, हे मात्र मला कळेना.

येथे मला दोन गणितज्ञांची साक्ष काढणे भाग पडले. १९६२ च्या जानेवारीत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी एका अमेरिकन गणितविषयक मासिकात सात पानांचा एक लेख छापला. त्याचे शीर्षक मराठीत सांगावयाचे तर ‘महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहाचे स्थैर्य’. दोन्ही विषय एकाच शीर्षकात घेतल्याबद्दल कोणाही मराठी पालकास आश्चर्य वाटू नये, कारण तो दोहोंसाठी एकाच मुदत ठेवीकडे पाहत असतो. लेखातील युक्ती अशी की, प्रत्येक वराने आपल्या मनातील पहिल्या वधूस मागणी घालावी. वधूने आलेल्यांतील उत्तम तेवढा तूर्त हाती ठेवून बाकीच्यांस नकार द्यावा. नकार मिळालेल्यांनी आपल्या यादीतील पुढच्या दारी जावे. आणि अधिक चांगला कोणी आला तर वधूने हातचा सोडून त्याला ठेवावे. असे होता होता सगळे स्थिरावतात, तेव्हा आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे पळून जावे असे दोघांनाही वाटेल, असे एकही जोडपे उरत नाही. वरांच्या जागी विद्यार्थी आणि वधूंच्या जागी महाविद्यालये घाला, म्हणजे प्रवेशप्रक्रिया झाली. शॅप्लींना यासाठी २०१२ साली ॲल्विन रॉथ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल तोवर, २००८ मध्येच, निवर्तले होते. पुढच्या संशोधकांनी हेही सिद्ध केले की, या पद्धतीत मागणी घालणाऱ्यास आपली पसंती खोटी सांगून काडीचाही लाभ होत नाही. जोसाचे जागावाटप याच तत्त्वावर चालते. आणि गुणवत्तेच्या क्रमाने एकेकाला बोलावून त्याच्या यादीतील पहिली उपलब्ध जागा देणाऱ्या कोणत्याही पद्धतीतही, ढोबळमानाने, तेच खरे असते. यंत्र रागावत नाही. तुम्हांला काय हवे आहे ते, हव्या त्या क्रमाने लिहा, एवढेच ते मागते.

हे मी सभेस समजावून दिले, आणि आता प्रश्न सुटला अशा समजुतीने पाण्याचा पेला उचलला. तो प्रश्न तेव्हाच सुरू झाला होता. काय हवे आहे! बहिणीस मुलगी रात्री जेवणास घरी हवी होती. मेहुण्यांस १८५४ साली स्थापन झालेले आणि त्यांना स्वतःला चार गुणांनी हुकलेले सीओईपी हवे होते. मुलीचा पर्सेंटाइल तेथवर पोचत नव्हता, ही त्यांच्या दृष्टीने तपशिलाची बाब होती. अव्वल कारकुनांस सरकारी किंवा अनुदानित काहीही हवे होते. गेल आणि शॅप्ली यांनी प्रत्येक उमेदवारास स्वतःची अशी एक पसंती असते हे बिनदिक्कत गृहीत धरले, यावरून ते कोथरूडात कधी राहिले नव्हते एवढे निश्चित होते.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “मी भरलाय फॉर्म. वर सीओईपी टाकलंय, बाबा. दोन नंबरला सांगली.”

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे. त्याच्या लौकिकाविषयी कोणासच शंका नव्हती. परंतु पुण्यात जन्मलेल्या मुलीने शिकण्यासाठी पुण्याबाहेर जावे, हा विचार त्या घरात यापूर्वी कोणी केला नव्हता. सांगलीचे लोक पुण्यास येतात, असाच शिरस्ता होता. तिने आईवडिलांस शाखा, स्वायत्तता, प्लेसमेंट अशी भारदस्त कारणे सांगितली. मला जिन्यात गाठून तिने खरे कारण सांगितले. “मामा, मला हॉस्टेलवर राहायचंय. रात्री अकरा वाजता कोणालाही न विचारता चहा प्यायला जायचंय.” मुलींच्या वसतिगृहांची फाटके रात्री किती वाजता बंद होतात हे मला ठाऊक होते, परंतु खऱ्या पसंतीचा एवढा शुद्ध नमुना त्या महिन्याभरात प्रथमच दृष्टीस पडत होता, आणि तो डागाळण्याचे धैर्य मला झाले नाही.

पहिल्या फेरीत सांगली लागली. मेहुणे डगमगले नाहीत. पहिल्या क्रमांकावर सीओईपी होते आणि सुधारणेचा, म्हणजे बेटरमेंटचा, विकल्प उपलब्ध होता. पण त्या वर्षीचा नियम असा होता की, पहिल्या फेरीत यादीतला पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला आणि तिसऱ्यात पहिल्या सहांतला विकल्प मिळाला, की जागा आपोआप गोठते आणि उमेदवाराने ती घ्यावी किंवा पुढील फेऱ्यांतून निघून जावे. दुसऱ्या फेरीतही सांगलीच आली आणि जागा गोठली. भाचीने हा नियम आधीच वाचला होता. सभेतील चौघांपैकी तो कोणीही वाचलेला नव्हता.

बहिणीने दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी सांगलीस फोन लावला, आणि संध्याकाळी प्रसन्न मुद्रेने जाहीर केले की, आमची एक चुलत बहीण तेथे विश्रामबागेतच राहते, तिची वरची खोली रिकामी आहे, ती रात्री नवाच्या ठोक्याला जेवायला वाढते, आणि ती काही झाले तरी आपल्या भाचीला हॉस्टेलवर राहू देणार नाही. वसतिगृहाचा निराळा अर्ज आता भरण्याचे कारणच उरलेले नाही.

भाचीने मोबाइल खाली ठेवला. “मामा,” ती म्हणाली, “याला बेटरमेंट नसतं का?”

मी काही बोलण्याच्या आत अव्वल कारकुनांनी मांडीवरची फाईल मिटली आणि तिची नाडी बांधीत ते म्हणाले, “हरकतीची मुदत संपली.”