जायकवाडीचा टक्का

पावसाळ्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात पंचांगापेक्षा जास्त पाहिला जातो तो जायकवाडीचा टक्का. धरण पैठणला, दरवाजे २७, क्षमता सुमारे १०२ टीएमसी. हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. धरण काठोकाठ भरलं तरी नळाला पाणी आपल्या वारालाच येतं, ते सोडा. टक्का चढला की जिवाला बरं वाटतं.

माझे सासरे, नाना, हा टक्का कम्प्युटरवर बघतात. पूर्वी ते दर वेळी लिंकवरच टिचकी मारायचे आणि आकडा हलला नाही की पाटबंधारे खात्याचा उद्धार करायचे. पण लिंक दाबली की ब्राउझर आधी घरचं फडताळ उघडतो. तिथली जुनी प्रत मुदतीत असेल तर तीच पुढ्यात ठेवतो, सर्व्हरला विचारतसुद्धा नाही. रिफ्रेश केलं की मात्र विचारावंच लागतं: ‘माझ्याकडची प्रत अमुक वेळची, काही बदललंय का?’ बदल नसेल तर सर्व्हर पान पाठवत नाही, नुसतं ३०४ कळवतो. म्हणजे, आहे ते चालवून घ्या. एवढं मुद्देसूद उत्तर मला कुठल्याच खिडकीवर मिळालेलं नाही.

हे कळल्यापासून नाना पाच-पाच मिनिटांनी एफ-फाइव्ह दाबतात. आकडा सकाळी एकदाच बदलतो, हे त्यांना मंजूर नाही.

“जावईबापू, याच्याहून कडक रिफ्रेश नाही का?”

आहे. कंट्रोल-शिफ्ट-आर. त्यात जुनी प्रत बाजूला सारून सगळं नव्यानं मागवलं जातं. नानांनी मागवलं. पान कोरं करकरीत आलं, टक्का तोच.

मग कालचा टक्का पडताळायला त्यांनी ‘मागे’ दाबलं. लिंकनं गेलं की मागे यायला पायरी तयार होते. रिफ्रेश दिवसभर केलं तरी पाऊल तिथंच. नाना थेट राशिभविष्यावर पोचले. जलराशींना लाभ होता.

पाण्याच्या तक्रारीचा अर्ज पाठवल्यावरही बोट सवयीनं एफ-फाइव्हवर गेलं. ब्राउझरनं अदबीनं विचारलं, पुन्हा पाठवू? “पाठव की!” तक्रार दोनदा गेली, टँकर एकदाही आला नाही.

आता ते थेट जायकवाडीच्या पाण्याच्या उगमाशी चौकशी करतात. नाशकात साडू आहेत.

“गंगापूर धरणातून सोडलं का हो पाणी?”

“पाऊस आहे नाना, पण आधी आमची धरणं तर भरू द्या!”

“बरं,” म्हणून नाना फोन ठेवतात आणि पाच मिनिटांनी परत लावतात. साडू हल्ली फोन उचलून नुसतं “तेच” म्हणतात.