समजा, वर्ग भरला आहे

गणितात एकदा 'समजा' म्हटलं की काहीही खपतं. करोनाच्या काळात ही सवलत गणिताच्या भावी शिक्षकांनाही मिळाली.

तर समजा, टिटवाळ्यात मांड्याच्या चाळीत बी.एड.ची एक विद्यार्थिनी आहे, अध्यापन पद्धती गणित. 22 मार्च 2020च्या मध्यरात्री लोकल थांबली आणि तिचं कल्याणचं कॉलेज मोबाइलमध्ये येऊन बसलं. गावच्या महागणपतीचं देऊळही कुलपात. सराव पाठ मात्र घ्यायचेच; शाळा बंद म्हणून काय झालं? कपाटाचं दार झालं फळा, मोबाइल टेकला डाळीच्या डब्याला. तिला पडद्यावर आपलंच फलकलेखन उलटं दिसे. "तुम्हाला सुलटं दिसतंय ना?" यातच प्रस्तावना संपे. समोर सहावीचे विद्यार्थी कोण, तर तिच्याच तुकडीतल्या मैत्रिणी. त्यातली एक दोन मुलांची आई.

"दोन पंचमांश अधिक एक तृतीयांश?"

"अकरा पंधरांश, बाई!"

शाब्बास. निरीक्षकांचा शेरा : पाठ प्रभावी, टाचण अपलोड करा.

अहो, खरा सहावीतला पोरगा तीन अष्टमांश म्हणतो! वरचे वरच्यात, खालचे खालच्यात मिळवून मोकळा. त्याला असं का वाटतं हे हुडकणं, हीच तर गणित शिकवण्यातली मेख. पदवीधर मैत्रिणींना इतकं प्रामाणिक चुकणं कुठून जमणार?

परीक्षांचं गणित आणखी सोपं. मधल्या सत्रांसाठी यूजीसीने एप्रिल 2020मध्येच सूत्र दिलं होतं : निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, निम्मे मागच्या सत्राचे. शेवटच्या वर्षाला परीक्षेविना पदवी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्टला बजावलं. मुंबई विद्यापीठाने मग ऑक्टोबरात ती ऑनलाइन उरकली, बहुपर्यायी. दूरशिक्षणाच्या 'आयडॉल'ची परीक्षा 6 तारखेला कोलमडली. विद्यापीठ म्हणालं, सायबर हल्ला. (हल्लेखोराला तरी पायऱ्या लिहाव्या लागल्या असतील.) पुढे जन्मभर पोरांना 'पायऱ्या दाखवा, पायऱ्यांना गुण आहेत' असं दटावणाऱ्यांनी स्वतः नुसतं बटण दाबलं.

शाळा उघडल्या, बाई रुजू झाल्या. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून खणखणीत उत्तर आलं, तीन अष्टमांश. बाईंना ते ओळखीचं वाटलं. कुठेतरी पाहिलं होतं खरं. पर्याय ब.