काकूंना अमेरिकेत मत हवंय

"मला एकच मत द्या म्हणावं. पण अमेरिकेतलं," काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या.

नाशिकरोडला, जेलरोडच्या आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी, त्यामुळे कढीपत्ता आणि राजकारण दोन्ही सहज इकडून तिकडे जातं. मी म्हटलं, "अहो, इथलं आहे की तुमचं!"

"इथल्यानं फार तर नळाचं पाणी जाईल. तिथल्या माणसानं सही केली की माझी झोप जाते."

यात अतिशयोक्ती नव्हती. काकूंची लेक न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर. गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, ट्रम्पनी एच-वन-बीला एक लाख डॉलर फी लावली तेव्हा ती नेमकी इथे माहेरपणाला आलेली. कंपनीचा फोन, ताबडतोब परत या. पोरगी ताटावरून उठली आणि मुंबई गाठली. मग खुलासा आला, फी फक्त नव्या अर्जांना! तोवर ती विमानात.

"आणि टॅक्स? तो दर महिन्याला कापतात. तेव्हा नाही विचारत तू कुठली म्हणून!"

काकूंचे यजमान आप्पा, त्यांना एवढंच निमित्त पुरतं. नोकरी सगळी नाशिकरोडच्या छापखान्यात, प्रेसमध्ये गेली, आता पेपर वाचण्यात दिवस जातो. पेपराआडूनच म्हणाले, "अगं, अमेरिका झाली ती याच भांडणातून. पार्लमेंटात आमचा माणूस नाही तर कर कसला, म्हणून १७७३ साली बॉस्टनला चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या."

"चहा कशाला फेकायचा? विकत नाही घ्यायचा," काकू म्हणाल्या. "बरं, मग आता आमच्या पोरीनं काय फेकायचं?"

आप्पांचं म्हणणं, पूर्वी तिकडच्या बऱ्याच राज्यांत नागरिक नसलेलेही मत द्यायचे. शेवटी आर्कन्सानं १९२६ मध्ये बंद केलं. मलाही राहवेना. माझा भाचा लेस्टरला आहे. पासपोर्ट भारताचा, आमच्या नाशिकरोडच्याच प्रेसमध्ये छापलेला, आणि २०२४ च्या जुलैत पठ्ठ्या ब्रिटनच्या पार्लमेंटला मत देऊन आला. राष्ट्रकुलातला माणूस तिथे कायदेशीर राहत असला की देता येतं.

काकूंचा हात कढीपत्त्यावरच थांबला. "म्हणजे ज्यांनी दीडशे वर्षं लुटलं ते देतात, आणि हे नाही?"

"आता देतात. तेव्हा त्यांच्या दारात जावं लागायचं," आप्पा म्हणाले. १८८५ मध्ये तिकडे निवडणूक लागली, तेव्हा मुंबईहून नारायण गणेश चंदावरकर, बंगालचे मनमोहन घोष आणि मद्रासचे रामस्वामी मुदलियार बोटीनं इंग्लंडला गेले. उमेदवार म्हणून नाही, मतदार म्हणूनही नाही. सभांमधून इंग्लिश मतदाराला सांगायला, की बाबा, शिक्का मारताना हिंदुस्थानचाही विचार कर. मला हे फार धीराचं वाटतं. स्वतःला मत नसताना दुसऱ्याच्या मतासाठी समुद्र ओलांडायचा! पुढे १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी तिथल्या पार्लमेंटवर निवडून आले ते अवघ्या पाच मतांनी.

"बघ! पाच मतांनी!" काकूंनी तेवढंच उचललं. "मला एक दिलं तर काय बिघडतं?"

माझं माहेर निफाडचं, कांदा पिकवणारं. मी म्हटलं, "काकू, ढाक्याच्या बाईनं आपल्या लोकसभेचं मत मागितलं तर द्याल?"

"तिला कशाला?"

"कांद्यासाठी. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली. इकडे लासलगावचे लिलाव बंद, तिकडे ढाक्यात भाव आभाळाला. २०१९ च्या बंदीत तर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या, आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हटलंय."

"हे बघ, आपला कांदा, आपण ठरवणार."

"आणि त्यांचा व्हिसा?"

काकू गप्प. मग मीच भर घातली. ढाक्याच्या बाईला मत असतं ना, तर ते माझ्या भावाच्या मताशेजारी पडलं असतं. दोघांनाही बंदी नको होती. बंदी हवी होती ती शहरात पिशवी घेऊन फिरणाऱ्यांना. म्हणजे तुम्हाला आणि मला. ४ मे २०२४ ला बंदी उठली, २० मेला मतदान झालं, पण निफाड ज्यात येतं त्या दिंडोरी मतदारसंघानं केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवारांना घरी बसवून भास्कर भगरे सरांना पाठवलंच. ढाक्याला जे करता आलं नाही ते निफाडनं केलं.

माझं मत विचाराल तर जो तिथे राहतो, कर भरतो, त्याला द्यावं. न्यूझीलंड कायम राहणाऱ्यांना देतंच. जेलरोडला बसून मागणाऱ्यांना नको. त्यांनी चंदावरकरांसारखी बोट पकडावी.

"म्हणजे पोरीला द्या आणि मला नको?" काकूंचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "चालेल. नात तिकडचीच आहे जन्मानं. अठरा पूर्ण झाली की तिला मत. रोज व्हिडिओ कॉलवर सांगतेच आहे कुणाला द्यायचं ते."

आप्पांनी पेपर खाली केला. "याला परकीय हस्तक्षेप म्हणतात."